मस्कतचा वारा आणि पतंगाची दोरी

ऑक्टोबर संपत आला, रात्री एसी बंद करून खिडक्या उघडता येऊ लागल्या, की मस्कतमधल्या आपल्या मंडळींना समुद्र आठवतो. फराळाचे डबे घेऊन शुक्रवारी सकाळी अझैब्याचा किनारा गाठायचा, मुलांना वाळूत सोडायचं आणि चटईवर पाय पसरायचे. तिथे पाण्यावर दोन-चार मोठे रंगीत पतंग उडताना दिसतात आणि पतंगाला बांधलेली माणसं फळीवर उभी राहून लाटा कापत जातात. मग कुणीतरी मला गाठतंच. "तू ते पतंगाचं करतोस ना? थंडीत सुरू करता येतं का रे?"

येतं. किंबहुना ओमानमध्ये शिकायला सुरुवात करायची तर थंडीतच करावी. पण असं का, हे सांगायला बसलो की गाडी थेट दोन हजार वर्षं मागे जाते. या किनाऱ्यावर वाऱ्याच्या भरवशावर पाण्यात उतरणारे आपण काही पहिले नाही. कोण कधी उतरला, कोणी कुणाचं ऐकलं आणि कोणी ऐकलं नाही, याचा मोठा इतिहास इथे आहे. मी तो जरा महागात शिकलो, म्हणून आधी माझीच फजिती सांगून टाकतो.

चार वर्षांपूर्वी जानेवारीतला शुक्रवार. मला काईटसर्फिंग शिकून जेमतेम वर्ष झालं होतं, म्हणजे सगळं येतं असं वाटण्याचा तो काळ. किनाऱ्यावर एक म्हातारा कोळी आपली होडी पिकअपला बांधून वर ओढत होता. एरवी होड्या पाण्याच्या कडेलाच असतात, त्या दिवशी पार रस्त्यापर्यंत. माझा पतंग पाहून तो मोडक्या हिंदीत म्हणाला, "सदीक, आज मत जाओ. शमाल आएगा." मी मोबाइल पाहिला. ॲप १४ नॉट दाखवत होतं. आम्ही कॉम्प्युटरवाले! आकडा दिसला की माणसाचं कशाला ऐकू? हसून "शुक्रन" म्हटलं आणि १२ मीटरचा पतंग उडवला.

पाऊण तासाने वायव्येकडचं आभाळ मातकट झालं. वारा वाढत वाढत गेला नाही, एकदम आला. पतंगाने मला पाण्यातून उचललं ते वाळूवरून फरफटत नेलं. सुटका करायची लाल कळ छातीसमोरच असते, पण ती ओढायचं सुचायला चार सेकंद लागले आणि तेवढ्यात खांदा निखळला. बायको आणि सहा वर्षांची मुलगी वीस पावलांवर उभ्या होत्या. होड्या ओढून झाल्यावर तोच म्हातारा धावत आला आणि पतंगावर गुडघे टेकून बसला. "मैं बोला था" असं तो एकदाही म्हणाला नाही.

हात गळ्यात बांधून तीन आठवडे घरी बसलो आणि त्या दिवसांत ओमानच्या सागरी इतिहासाची पुस्तकं हाती लागली. त्यातली एक गोष्ट वाचून मी आडवाच झालो. आपलीच गोष्ट, फक्त ५०० वर्षं जुनी.

वास्को द गामा दुसऱ्यांदा हिंदुस्थानात आला तो १५०२ मध्ये. १५०३ च्या सुरुवातीला परत जाताना त्याने काही जहाजं मागे ठेवली. त्यांचा प्रमुख होता त्याचाच मामा, व्हिसेंते सोद्रे. कोची आणि कण्णूर इथल्या पोर्तुगीज वखारींचं रक्षण करायचं, हे त्याचं काम. पण त्याला लाल समुद्राच्या तोंडाशी अरब व्यापाऱ्यांची जहाजं लुटण्यात जास्त गोडी वाटली. भाऊ ब्रास सोद्रे बरोबर होताच. लूटमार करून झाल्यावर एका जहाजाची दुरुस्ती करायला हा ताफा धोफारच्या किनाऱ्यापलीकडच्या खुरिया मुरिया बेटांशी येऊन थांबला. आज आपण त्यांना हल्लानियात म्हणतो. बेटावरच्या लोकांशी त्यांचं बरं चाललं होतं, देवाणघेवाण होत होती. मे महिन्यात तिथल्या कोळ्यांनी सांगितलं, उत्तरेकडून जोराचा वारा येणार आहे, जहाजं बेटाच्या दुसऱ्या, आडोशाच्या बाजूला न्या. लहान जहाजं गेली. सोद्रे बंधू हलले नाहीत. आमचे नांगर लोखंडाचे आहेत, ते धरून ठेवतील, असा त्यांचा हिशेब.

वारा आला, दोर तुटले आणि दोन्ही जहाजं खडकांवर आपटली. ब्रासच्या 'साव पेद्रो'वरचे बरेच लोक वाचले. व्हिसेंतेची 'इश्मेराल्दा' मात्र त्याच्यासकट सगळ्यांना घेऊन बुडाली. ब्रासही पुढे त्याच बेटावर मरण पावला. बुडालेल्या जहाजाची जागा १९९८ मध्ये सापडली. ओमानच्या वारसा आणि संस्कृती मंत्रालयाने २०१३ पासून तिथे रीतसर उत्खनन केलं आणि २०१६ मध्ये ते जाहीर झालं. १४९८ साल असलेली जहाजाची घंटा मिळाली, आणि खलाशी सूर्याची उंची मोजायला वापरत ती ॲस्ट्रोलेबची तबकडीही. त्या प्रकारची ती जगातली सगळ्यात जुनी मानली जाते. म्हणजे त्यांच्याकडे त्या काळातलं सर्वांत अद्ययावत यंत्र होतं. माझ्याकडे ॲप होतं.

हा कोळ्यांचा अंदाज काही जादूचा नव्हता. अरबी समुद्रावरचे वारे वर्षातून दोनदा दिशा बदलतात, हे आपल्याला शाळेपासून माहीत आहे. पण ओमानमध्ये राहूनही त्यातली एक गंमत पुष्कळांच्या लक्षात येत नाही. ओमानला थंडीचे हंगाम दोन आहेत! एक आपला मस्कतचा, नोव्हेंबर ते मार्च. दुसरा ऐन जुलै-ऑगस्टमध्ये, मसिरा बेटापासून सलालापर्यंत. जूनमध्ये नैऋत्य मोसमी वारे सुरू झाले की आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून वाऱ्याचा एक जोरदार पट्टा अरबी समुद्र ओलांडून भारताकडे झेपावतो. फिंडलेटर नावाच्या ब्रिटिश हवामानतज्ज्ञाने १९६९ मध्ये त्याचा सविस्तर अभ्यास मांडला, म्हणून त्याला फिंडलेटर जेट म्हणतात. हा वारा ओमानच्या किनाऱ्याला समांतर वाहत वरचं पाणी बाहेर लोटतो आणि खालचं गार पाणी वर येतं. मस्कतमध्ये आपण ४५ अंशांत भाजत असताना मसिराला पाण्यात उतरलं तर हुडहुडी भरते. तिथे वारा दिवसरात्र २० ते ३० नॉट, कधी त्याहून जास्त. म्हणून युरोपातले पट्टीचे काईटसर्फर जुलैत मसिराला तंबू ठोकतात. नवशिक्याने मात्र त्या थंडीला भुलू नये. तोच वारा तिकडे आपल्या कोकणात पाऊस घेऊन आदळतो आणि होड्या शाकारून ठेवायला लावतो.

मस्कतच्या थंडीतला ईशान्य मोसमी वारा त्या मानाने गरीब. जुने दर्यावर्दी यालाच धरून चालत. 'मोसम' हा आपला शब्द अरबी 'मौसिम' वरून आलेला. ठरलेली वेळ, हंगाम. पोर्तुगीजांनी तो उचलला आणि इंग्रजांनी त्याचं 'मान्सून' केलं. इब्न माजिद हा १५व्या शतकातला थोर अरब नाविक, जन्म जुल्फारचा, म्हणजे आजच्या रास अल खैमाजवळचा. १४९० च्या सुमारास लिहिलेल्या त्याच्या ग्रंथात कोणत्या बंदरातून कोणत्या दिवशी निघावं याचे हिशेब आहेत. नवरोजपासून दिवस मोजायचे आणि त्या दिवसांवर निघण्याच्या तारखा बांधायच्या. नैऋत्येचा तो 'कौस', ईशान्येचा 'अझ्याब'. कौस भरात आला की समुद्र बंद. (वास्को द गामाला हिंदुस्थानची वाट दाखवणारा तो हाच, असं पुष्कळ ठिकाणी छापलेलं असतं. अभ्यासक आता ते मानत नाहीत.)

समुद्र बंद आणि समुद्र खुला! आपल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. माझं आजोळ हर्णैचं. नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय होडी पाण्यात ढकलायची नाही, हे मामाने लहानपणी इतक्या दरडावून सांगितलं होतं की मला तो कायदाच वाटे. तसा तो होताही. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त, म्हणजे १८व्या शतकाच्या सुरुवातीला, आरमारावर एक आख्खं प्रकरण आहे. दर्या खवळायच्या आधीच, आगोटीच्या तोंडावर, आरमार छावणीला न्यावं, ते आडोशाच्या बंदरात ठेवावं, दर वर्षी बंदर बदलावं, असा त्यातला सांगावा. ज्या आरमाराला कुणी शत्रू सहजासहजी हटवू शकला नाही, ते पावसाळ्यात वाऱ्यापुढे निमूट बाजूला होत होतं. त्यात कुणाला कमीपणा वाटला नाही.

शब्दही तेच. दिवसा समुद्राकडून येतात ते खारे वारे, रात्री जमिनीकडून सुटतात ते मतलई. भूगोलात मार्कांसाठी पाठ केलेले. इथे आल्यावर कळलं की अरबीत 'मतला' म्हणजे उगवतीची जागा. कोकणात जमिनीवरचा वारा पूर्वेकडूनच येतो, तेव्हा आपला 'मतलई' याच घरातला असावा असं माझं मत आहे. गुराब हे आंग्र्यांच्या आरमारातलं नाव तर अरबी 'घुराब' म्हणजे कावळ्यावरूनच आलेलं. तांडेल आणि नाखवे यांची जा-ये दोन्ही किनाऱ्यांवर किती असेल याची कल्पना यावी.

आणि मोसम चुकला तर? त्याचाही पुरावा ओमानमध्येच आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात कुणा ग्रीक व्यापाऱ्याने या समुद्राची वाटाडी पोथी लिहिली. 'पेरिप्लस' या नावाने ती ओळखली जाते. तीत आपलं कल्याण आहे, चौल आहे. मसिरा बेटही आहे, सरापिस या नावाने. तिथल्या लोकांची भाषा आणि कासवांच्या पाठी यांचाही उल्लेख आहे. धोफारमधल्या मोस्खा बंदराबद्दल तो लिहितो, की भडोच आणि मलबारकडची जहाजं हंगाम उलटून गेल्यावर अडकली तर इथेच मुक्काम करतात, आणि कापड, गहू, तिळाचं तेल देऊन राजाच्या माणसांकडून ऊद घेतात. हे बंदर म्हणजे सलालाजवळचं खोर रोरी, सुम्हुरम. २००० साली ते युनेस्कोच्या यादीत गेलं. सलालाला खरीफ बघायला आपण दर वर्षी जातो, धुक्यात फोटो काढतो आणि परततो. पुढच्या खेपेला सुम्हुरमच्या तटावर पाच मिनिटं उभं राहा. समोरच्या खाडीत आपल्याकडचे खलाशी वारा फिरण्याची वाट बघत काही महिने बसून राहिले होते. घरी निरोप धाडायची सोय नव्हती.

आगबोटी आल्या आणि हे सगळं ज्ञान अडगळीत गेलं. पण शिडांची शेवटची मिजास पाहण्यासारखी होती, आणि तिच्यात मुंबईचा वाटा आहे. सय्यद सैद यांचं 'सुलताना' हे जहाज १८३३ मध्ये माझगावला बांधलेलं. १८३९ च्या अखेरीस, म्हणजे थंडीच्या मोसमात, ते मस्कतहून झांझिबारला निघालं आणि एप्रिल १८४० मध्ये थेट न्यूयॉर्कला पोचलं. अमेरिकेत गेलेलं ते पहिलं अरब जहाज. अल बुस्तानच्या चौकात जे लाकडी जहाज उभं आहे, ते 'सोहार'. सूरला काथ्याने शिवून, एकही खिळा न ठोकता बांधलेलं. टिम सेव्हरिन आणि त्याचे ओमानी सोबती २३ नोव्हेंबर १९८० ला मस्कतहून निघाले. तारीख बघा, पुन्हा नोव्हेंबर! श्रीलंकेच्या पुढे वारा पडल्यामुळे ते कित्येक आठवडे रखडले आणि जुलै १९८१ मध्ये चीनच्या कँटनला लागले. उलट २००५ च्या सप्टेंबरात प्राचीन पद्धतीने बोरूंची बांधलेली 'मगन' नाव सूरहून कच्छमधल्या मांडवीकडे निघाली आणि काही तासांतच पाणी शिरून बुडाली. ओमानच्या नौदलाने सगळ्यांना वाचवलं. तिथे दोष वाऱ्याचा नव्हता, नावेचा होता, एवढं प्रामाणिकपणे सांगायला हवं.

आता पतंगाकडे येऊ. मी नाशिकचा. संक्रांतीला गच्चीवर कन्नी बांधणं, आसारी धरणं, ढील देणं यात बालपण गेलेलं, त्यामुळे पतंग माणसाला ओढू शकतो हे मला नवीन नव्हतं. तळहातावर मांज्याच्या खुणा अजून आहेत. युरोपात हे डोक्यात पक्कं घेतलं ते ब्रिस्टलच्या जॉर्ज पोकॉक नावाच्या शाळामास्तराने. १८२६ मध्ये त्याने पतंगाने ओढायच्या गाडीचं पेटंट घेतलं. जकात घोड्यांवर लागायची, आणि या गाडीला घोडाच नाही, म्हणून नाकेदार हात चोळत बसले असं सांगतात. मग सॅम्युएल कोडी. जन्माने अमेरिकन, धंद्याने तमाशेवाला. नोव्हेंबर १९०३ मध्ये त्याने पतंगाला बांधलेल्या छोट्या होडीतून इंग्लिश खाडी ओलांडली. पुढे १९०८ मध्ये ब्रिटनमधलं पहिलं विमानही त्यानेच उडवलं.

खरी अडचण एकच होती. पतंग पाण्यात पडला की संपलं, ओला पतंग परत उडत नाही. ती सोडवली ब्रिटनीच्या लेगेनू भावांनी, ब्रुनो आणि डोमिनिक यांनी. पतंगाच्या पुढच्या काठाला हवा भरलेली नळी द्यायची, म्हणजे तो तरंगतो आणि पाण्यावरून पुन्हा उठतो. पेटंट नोव्हेंबर १९८४ चं. जवळजवळ तेरा वर्षं त्यांना कुणी विचारलं नाही. १९९७ च्या सुमारास त्यांचे पतंग बाजारात आले, हवाईच्या माउई बेटावरच्या लोकांनी ते उचलले आणि खेळ जगभर पसरला. २००५ च्या आसपास 'बो' पतंग आले. दांडी पुढे ढकलली की पतंगाचा जोर जवळजवळ जातो. ही सोय नसती तर माझ्यासारख्या ऑफिसात बसणाऱ्याने या खेळाचं नाव काढलं नसतं. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये, मार्सेच्या समुद्रात, त्याच्या पहिल्यांदा शर्यतीही झाल्या.

तर थंडीत सुरुवात कशी करावी? आधी जमिनीवर. दोन-तीन मीटरचा सरावाचा पतंग मिळतो, तो मोकळ्या वाळूत पाच-सहा दुपारी उडवा. वाऱ्याकडे पाठ केली की समोर अर्ध्या घुमटाएवढी जागा असते. तिच्या कडांवर पतंग शांत, मध्यभागी आणला की ओढ. हे हाताला कळेपर्यंत पाण्यात जाऊ नका. ज्याने लहानपणी पतंग उडवलेत त्याला हे दोन दिवसांत जमतं. मग परवानाधारक शिक्षक गाठा. यूट्यूबवर पाहून शिकेन म्हणणाऱ्यांना मी माझा खांदा दाखवतो. पाण्यात पहिल्यांदा फळी घेतच नाहीत, नुसतं पतंगाबरोबर ओढत जायला शिकवतात. फळीवर उभं राहणं त्यानंतर.

वारा १२ ते १६ नॉट पुरे. डिसेंबर-जानेवारीत दुपारचे खारे वारे पुष्कळदा तेवढेही नसतात, तेव्हा नुसतं बसून यायची तयारी ठेवा. माझ्या अनुभवात फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंत ते जरा नेमाने येतात. जमिनीकडून समुद्राकडे वारा असेल तर कितीही मोह झाला तरी उतरायचं नाही, कारण परत आणणारं कुणी नाही. थंडीत पाणी २२-२३ अंशांवर येतं, बाहेर आल्यावर वाऱ्याने कापरं भरतं, तेव्हा दोन-तीन मिलिमीटर जाडीचा रबरी सूट हवाच. अजून एक गोष्ट, इंजिनियर म्हणून सांगतो. गार हवा जड असते. २० अंशांची हवा ३८ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे ६ टक्के जास्त घन, म्हणजे त्याच वेगाच्या वाऱ्यात ओढही तेवढी जास्त. पण हे किरकोळ. खरा हिशेब वेगाच्या वर्गाचा. वारा १४ वरून २० नॉट झाला की ओढ दुप्पट होते. शमालने मला हाच वर्ग शिकवला.

शमाल हा थंडीतला पाहुणा. इराणच्या बाजूने गार हवेची लाट सरकली की वायव्येकडून येतो, दोन-तीन दिवस राहतो. हंगामाच्या सुरुवातीला वादळांचंही भान ठेवावं. शाहीन २०२१ मध्ये ३ ऑक्टोबरला बातिना किनाऱ्यावर आदळलं होतं, सुवैक आणि खाबुराची त्या वेळची चित्रं आपण विसरलेलो नाही. आणि पोलिसांचा ९९९९ हा नंबर किनाऱ्यावर थांबणाऱ्या माणसाच्या मोबाइलमध्ये असू द्या. पतंगवाल्याचा मोबाइल वाळूत पिशवीतच असतो.

ॲप मी अजून बघतो. पण आता गाडी लावली की आधी होड्या कुठे आहेत ते पाहतो. पाण्याच्या कडेला असतील तर पतंगात हवा भरायला घेतो. त्या दिवशी आभाळ स्वच्छ असताना त्याला शमाल कसा कळला, हे मी म्हाताऱ्याला नंतर विचारलं होतं. त्याने पाण्याचा रंग सांगितला, आदल्या रात्री वारा कसा पडला ते सांगितलं, आणि आणखी बरंच काही, जे माझ्या तोडक्या अरबीला झेपलं नाही. यंदा मुलगी दहा वर्षांची झाली. तिच्यासाठी दोन मीटरचा सरावाचा पतंग आणलाय. गेल्या शुक्रवारी ती तो वाळूत उडवत होती आणि म्हातारा होडीच्या काठावर बसून जाळं दुरुस्त करत होता. मध्येच मान वर करून त्याने तिला हाताने खूण केली, जरा डावीकडे सरक. तिने सरकून पाहिलं आणि पतंग स्थिर झाला.